शनीची कडी वाचायला शिका: दुर्बीण, घड्याळ आणि थोडं गणित

शनीच्या कड्यांविषयी एक समजूत फार पसरलेली आहे. शनी अवाढव्य आहे, त्याची ओढही अवाढव्य आहे, म्हणून त्याच्याभोवती कडी आहेत, असं बहुतेकांना वाटतं. पण शनीच्या ढगांच्या माथ्यावर वजनकाटा ठेवता आला असता, तर त्यावर तुमचं वजन जवळपास पृथ्वीवर भरतं तेवढंच भरलं असतं. विषुववृत्तावर तर थोडं कमीच. कडी टिकतात ती नुसत्या ओढीमुळे नाही. ग्रहाकडच्या बाजूची ओढ आणि पलीकडच्या बाजूची ओढ यांत जो फरक पडतो, त्या फरकामुळे टिकतात. हे कुणी सांगितलं म्हणून मानण्यापेक्षा स्वतः मोजून पाहणं कितीतरी जास्त समाधानाचं आहे, आणि ते घरच्या दुर्बिणीने जमतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. शाळेतलं घन, वर्ग आणि घनमूळ आठवत असेल तर पुरे.

पायरी १: वेळ आणि साधन

शनी पाहायला सर्वांत चांगला काळ प्रतियुतीच्या आसपासचा. तेव्हा सूर्य मावळतो आणि शनी उगवतो, रात्रभर तो आकाशात असतो आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळही असतो. २०२५ ची प्रतियुती २१ सप्टेंबरला होती, २०२६ ची ४ ऑक्टोबरला आहे. पुढे ती दर वर्षी साधारण दोन आठवड्यांनी पुढे सरकते. महाराष्ट्रासाठी हे सोयीचंच आहे, कारण ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, हवा धुतलेली असते आणि डिसेंबरपर्यंत संध्याकाळी शनी चांगल्या उंचीवर मिळतो.

शनी सापडायला पंचांगसुद्धा पुरतं. २०२६ मध्ये तो मीन राशीत आहे. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत सरासरी अडीच वर्षं. साडेसातीचा हिशोब याच गतीवर बेतलेला आहे: तीन राशी, प्रत्येकी अडीच वर्षं. या भागात ठळक तारे फार नाहीत, त्यामुळे न लुकलुकणारा, किंचित पिवळसर ठिपका चटकन ओळखू येतो. शंका वाटली तर मोबाइलवरचं स्टेलॅरियम ॲप उघडा. पुढे शनीचं अंतर घ्यायला ते लागणारच आहे.

दुर्बीण ६० मिलिमीटर व्यासाची असली आणि ३० पट मोठं दाखवत असली, तरी शनी वाटोळा नाही, त्याला दोन्हीकडे काहीतरी आहे हे कळतं. या लेखातली मोजमापं करायला १०० ते १५० मिलिमीटरची दुर्बीण हवी. साध्या लाकडी बैठकीवरची डॉब्सोनियन असेल तर उत्तम, कारण आपल्याला आकाशाचा पाठलाग करणारी मोटर नकोच आहे. दुर्बीण विकत घेण्याआधी एकदा ज्योतिर्विद्या परिसंस्था (पुणे) किंवा खगोल मंडळ (मुंबई) यांसारख्या संस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनी पाहावा, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे प्रश्न विचारता येतात, आणि कोणत्या आकाराची दुर्बीण आपल्याला पेलेल हेही समजतं.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उष्णता सोडत राहतो. त्या हवेच्या हालचालीत शनी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. शक्य असेल तर मातीवर किंवा गवतावर उभे राहा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरशाचं तापमान बाहेरच्या हवेशी जुळेल.

पायरी २: आधी नुसतं पाहा

पहिल्या रात्री काहीही मोजू नका. शनीचा अक्ष त्याच्या कक्षेला २६.७ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे कड्यांचा पसारा आपल्याला वर्षागणिक उघडताना आणि मिटताना दिसतो. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा कडी आपल्याकडे अगदी आडवी होती. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेल्या शनीच्या दोन बाजूंच्या ‘गोळ्या’ १६१२ मध्ये दिसेनाशा झाल्या, त्याचं कारण हेच. ही कडी आहेत हे कळायला हॉयगेन्स हा डच खगोलशास्त्रज्ञ यावा लागला. त्याने १६५९ मध्ये आपलं स्पष्टीकरण प्रसिद्ध केलं. सध्या कड्यांची दक्षिण बाजू हळूहळू उघडते आहे. २०३२ च्या सुमारास ती जास्तीत जास्त, म्हणजे सुमारे २७ अंश उघडी दिसेल, आणि पुन्हा आडवी होईल ती २०३८–३९ मध्ये.

कडी अरुंद असण्याचाही एक फायदा आहे. ग्रहाचा चपटेपणा अशा वेळी छान दिसतो. शनीची विषुववृत्तीय त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर, तर ध्रुवीय ५४,३६४. दहा टक्क्यांचा हा फरक साडेदहा तासांच्या स्वतःभोवतीच्या फेरीमुळे पडतो. डोळ्यांना तो जाणवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीला ती लागणार आहे.

दोन मुख्य कडी म्हणजे बाहेरचं ए आणि त्याच्या आतलं, जास्त उजळ बी. त्यांच्यामधली काळी रेघ ही कॅसिनी फट, १६७५ मध्ये शोधलेली. कडी अरुंद असताना ती फक्त दोन्ही टोकांना, आणि तीही हवा शांत असेल तरच दिसते. १५० पट मोठेपणा लावून सलग दहा-पंधरा मिनिटं डोळा नेत्रिकेला ठेवा. हवा क्षणभर थांबते, रेघ उमटते आणि पुन्हा पुसली जाते.

पायरी ३: टायटन ओळखा, त्याचा काळ काढा

शनीजवळचा सर्वांत ठळक ठिपका बहुधा टायटन, म्हणजे शनीचा सर्वांत मोठा चंद्र, असतो. त्याची प्रत (तेजस्वीपणाचा आकडा) साधारण साडेआठ, म्हणजे १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सहज दिसणारी. पण मागच्या ताऱ्यांपैकी एखादा त्याच्याइतकाच तेजस्वी असू शकतो. दुसऱ्या रात्री पाहा. तारा मागे राहतो, टायटन शनीबरोबर येतो आणि शनीभोवतीची जागाही बदललेली असते.

वहीत रोज रात्री एक छोटं चित्र काढा: मधे शनी, कड्यांची रेघ, आणि टायटन कोणत्या बाजूला, कड्यांच्या रुंदीच्या किती पट अंतरावर. तो एका बाजूला कड्यांच्या पूर्ण रुंदीच्या साधारण साडेचार पट दूर जातो, परत फिरतो, शनीच्या वरून किंवा खालून निसटतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच दूर जातो. पूर्वेच्या टोकापासून पुन्हा पूर्वेच्या टोकापर्यंत सुमारे १६ दिवस लागतात. टोकाजवळ त्याची हालचाल मंद दिसते, त्यामुळे नेमका दिवस पकडणं कठीण जातं. त्यापेक्षा तो शनीच्या बरोबर वर किंवा खाली येतो तो क्षण धरा, आणि दोन-तीन फेऱ्यांचा मिळून काळ घेऊन भागाकार करा. अचूक आकडा १५.९४५ दिवस आहे. तुमचा आकडा १५.८ ते १६.१ मध्ये आला तरी काम छान चालेल.

पायरी ४: अंतर मोजा, घड्याळाने

सगळ्यात आनंदाची पायरी ही आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवा.

पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीण स्थिर ठेवली की शनी दृश्यक्षेत्रातून सरकत जातो. खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) हा वेग सेकंदाला १५ विकला असतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), आणि २०२६ मध्ये शनी त्या विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे. म्हणजे घड्याळ हीच आपली मोजपट्टी. दुसरी सोय अशी की शनीचा अक्ष आणि पृथ्वीचा अक्ष यांच्या दिशांत साडेसहा अंशांचाच फरक आहे. त्यामुळे टोकाला असलेला टायटन शनीच्या जवळपास सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो, आणि सरकण्याची दिशाही तीच. कलामुळे येणारी चूक एक टक्क्याहून कमी आहे. सोडून द्या.

टायटन टोकाला असेल त्या रात्री असं करा. शनी दृश्यक्षेत्राच्या मध्यरेषेवरून जाईल अशा बेताने दुर्बीण लावा आणि हात काढून घ्या. जो ठिपका पुढे चालतो तो पश्चिमेचा. समजा टायटन पश्चिमेला आहे. तो काठावर दिसेनासा होताच मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. मग शनीचा गोळा काठाला टेकला तो क्षण आणि पूर्ण गेला तो क्षण, असे दोन टप्पे नोंदवा. त्यांच्या मधला क्षण हा शनीच्या केंद्राचा. टायटन पूर्वेला असेल तर क्रम उलटा. प्रतियुतीच्या आसपास हे अंतर १३ सेकंदांच्या थोडं पुढे येईल.

आता हात आणि डोळा यांची चूक. बोट दाबायला सेकंदाचा काही भाग उशीर होतोच, आणि १३ सेकंदांत पाव सेकंद म्हणजे दोन टक्के. म्हणून हे मोजमाप त्याच रात्री निदान दहा वेळा करा आणि सरासरी घ्या. यात आळस नको, कारण पुढच्या सूत्रात अंतराचा घन आहे. अंतरात एक टक्का चूक झाली की वस्तुमानात तीन टक्के होते. आणखी एक: टायटनची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, तिच्यामुळे अंतरात तीन टक्क्यांपर्यंत चढउतार होतो. म्हणून पूर्वेचं एक आणि आठ दिवसांनी पश्चिमेचं एक, अशी दोन्ही मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढणं गरजेचं आहे.

सेकंदांना १५ ने गुणा. १३.२ सेकंद म्हणजे १९८ विकला. त्या रात्रीचं शनीचं अंतर स्टेलॅरियममधून घ्या. ते खगोलीय एककात असेल तर १४.९६ कोटी किलोमीटरने गुणा. २०२६ च्या प्रतियुतीला ते सुमारे १२७ कोटी किलोमीटर धरता येईल. मग:

१२७ कोटी × १९८ ÷ २,०६,२६५ = सुमारे १२.२ लाख किलोमीटर.

ही झाली टायटनच्या कक्षेची त्रिज्या (२,०६,२६५ हा विकलांतला कोन अंतरात बदलणारा ठरावीक आकडा आहे). खरा आकडा १२,२१,८७० किलोमीटर आहे. गच्चीवर उभं राहून सव्वाशे कोटी किलोमीटरपलीकडची कक्षा मोजता येते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

पायरी ५: शनीचं वस्तुमान

मोठे स्थिरांक बाजूला ठेवून चंद्राशी तुलना करू. केप्लरच्या तिसऱ्या नियमाला न्यूटनने दिलेलं रूप सांगतं की मधल्या गोलाचं वस्तुमान हे कक्षेच्या त्रिज्येचा घन भागिले फेरीच्या काळाचा वर्ग, या प्रमाणात असतं. चंद्र पृथ्वीपासून ३,८४,४०० किलोमीटरवर २७.३२ दिवसांत फिरतो.

त्रिज्यांचं गुणोत्तर: १२,२१,८७० ÷ ३,८४,४०० = ३.१८, घन ३२.१.
काळांचं गुणोत्तर: २७.३२ ÷ १५.९४५ = १.७१, वर्ग २.९४.
गुणाकार: ९४ आणि थोडं.

म्हणजे शनी पृथ्वीच्या ९४ पट. मान्य आकडा ९५.२ आहे. उरलेला फरक मुख्यतः चंद्राच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे येतो, कारण ते पृथ्वीच्या सव्वा टक्का आहे आणि आपण ते धरलंच नव्हतं. तुमच्या मोजमापाने ८५ ते १०५ मधला कुठलाही आकडा आला, तरी तो खरोखर तुम्ही मोजलेला शनी आहे.

पायरी ६: ओढ किती?

वस्तुमान ९५ पट, विषुववृत्तीय त्रिज्या पृथ्वीच्या ९.४५ पट. ओढ त्रिज्येच्या वर्गाने कमी होते. ९५ ÷ ८९ = १.०७. एवढंच! स्वतःभोवतीच्या वेगवान फेरीमुळे विषुववृत्तावर त्यातूनही काही भाग वजा होतो आणि ती दर सेकंदाला सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास येते, पृथ्वीवर ती ९.८ आहे. सुरुवातीला म्हटलेल्या वजनाचा हिशोब हाच. आता प्रश्न खरा उभा राहतो: इतकी साधी ओढ असेल, तर बर्फाचे हे तुकडे एकत्र येऊन त्यांचा चंद्र का होत नाही?

पायरी ७: ओढीतला फरक

बर्फाचा एक सैल गोळा शनीभोवती फिरतो आहे, असं समजा. त्याची शनीकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. या फरकामुळे गोळा लांबट होतो, आपल्या समुद्राला भरती येते त्याच कारणाने. गोळ्याचं स्वतःचं गुरुत्व त्याला एकत्र धरून ठेवतं. कोण जिंकणार?

इथे एक सुंदर गोष्ट घडते. गोळा मोठा असेल तर दोन बाजूंमधला फरक वाढतो, पण गोळ्याची स्वतःची पकडही त्याच प्रमाणात वाढते. आकार दोन्हीकडून कटतो. गोळा डोंगराएवढा असो की घराएवढा, निकाल दोनच गोष्टींवर ठरतो: घनता आणि शनीपासूनचं अंतर. आणि हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो. ए-कड्याच्या बाहेरच्या कडेपासून टायटनपर्यंत गेलात तर ओढ ऐंशी पटींनी घटते, पण फरक सातशे पटींनी. म्हणून टायटन निवांत अखंड आहे.

एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही हद्द काढली. ती आपणही काढू. शनीची घनता (पाण्याची १ धरून) ०.६९, सरासरी त्रिज्या ५८,२३२ किलोमीटर. बर्फाची घनता ०.९ धरा; खालचा २.४४ हा रोशच्या सूत्रातला ठरावीक आकडा आहे.

०.६९ ÷ ०.९ = ०.७७, त्याचं घनमूळ ०.९१.
२.४४ × ०.९१ × ५८,२३२ = सुमारे १ लाख ३० हजार किलोमीटर.

ए-कडं संपतं १,३६,७७५ किलोमीटरवर. किती जवळ! बर्फ थोडा पोकळ, घनता ०.७७ धरली तर आकडा जवळजवळ बरोबर त्या कडेवर येतो. पण याला भिंत समजू नका. घट्ट तुकडा स्वतःच्या कणखरपणावर या हद्दीच्या आतही टिकतो. पॅन आणि डॅफ्निस हे छोटे चंद्र ए-कड्यातल्या फटींतच फिरतात. आणि हद्दीच्या जरा बाहेर, १,४०,१८० किलोमीटरवरच्या एफ-कड्यात, गोळे जमतात आणि मोडतात. मला हाच भाग सगळ्यात जिवंत वाटतो.

पायरी ८: कडी अखंड नाहीत, हे वेगावरून कळतं

टायटनचा काळ हाताशी आहे, तर कुठल्याही कड्याचा काळ निघतो: त्रिज्यांच्या गुणोत्तराचा दीड घात घ्या आणि १५.९४५ ने गुणा. बी-कड्याच्याही आत असलेल्या सी-कड्याची आतली कड (७४,६५८ किलोमीटर) ५.८ तासांत फिरते, ए-कड्याची बाहेरची १४.३ तासांत. वेग अनुक्रमे सेकंदाला साडेबावीस आणि साडेसोळा किलोमीटर. आतलं वेगात, बाहेरचं सावकाश. एकसंध तबकडी असती तर उलट झालं असतं. अखंड कडं टिकूच शकत नाही हे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये गणिताने दाखवलं, आणि १८९५ मध्ये अमेरिकेत कीलरने वर्णपट घेऊन आतलं कडं खरंच जास्त वेगाने फिरतं हे सिद्ध केलं.

हे असंख्य तुकडे एकमेकांना हलके आपटत राहतात, त्यामुळे त्यांच्या वर-खाली होण्याची ऊर्जा संपते. म्हणूनच पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसाऱ्याची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर इतकीच आहे. या सगळ्या पसाऱ्याचं वस्तुमान कॅसिनी यानाने २०१७ मध्ये, अखेरच्या फेऱ्यांत ग्रह आणि कडी यांच्यामधून जाताना, रेडिओ संदेशातल्या सूक्ष्म बदलांवरून मोजलं: मिमास या छोट्या चंद्राच्या जेमतेम ४० टक्के.

पायरी ९: कॅसिनी फट कुठून आली?

मिमास १,८५,५३९ किलोमीटरवर २२.६ तासांत फेरी पूर्ण करतो. ज्या जागी फेरी बरोबर त्याच्या निम्म्या वेळात होते, तिथला तुकडा दर दोन फेऱ्यांनी मिमासला त्याच ठिकाणी गाठतो, आणि प्रत्येक वेळी तोच धक्का खातो. धक्के साठत जातात आणि कक्षा बिघडते. ती जागा काढायची तर १,८५,५३९ ला १.५८७ ने, म्हणजे ४ च्या घनमूळाने, भागा. उत्तर येतं १,१६,९०० किलोमीटर.

कॅसिनी फटीची आतली कड मात्र १,१७,५८० वर आहे. सातशे किलोमीटर कमी पडले. ही मोजमापाची चूक नाही. केप्लरचा नियम गोल ग्रहासाठी आहे आणि शनी चपटा आहे. पोटावरच्या जादा वस्तुमानामुळे जवळच्या कक्षा स्वतःच हळूहळू वळत राहतात, आणि अनुनादाची, म्हणजे धक्के जुळून येण्याची, जागा बाहेर सरकते. तो हिशोब धरला की आकडा फटीच्या कडेवर येऊन बसतो. दुसऱ्या पायरीत डोळ्यांनी पाहिलेला दहा टक्के चपटेपणा इथे सातशे किलोमीटरच्या रूपात मिळतो.

हीच कृती गुरूवर करून पाहा. तिथे सर्वांत बाहेरचा मोठा चंद्र कॅलिस्टो घ्या: कक्षा १८,८२,७०० किलोमीटर, काळ १६.६९ दिवस. पाचव्या पायरीप्रमाणे गणित केलंत तर गुरू पृथ्वीच्या सुमारे ३१५ पट येईल, मान्य आकडा ३१८ आहे. घड्याळाने अंतर मोजताना मात्र एक काळजी घ्या. गुरू विषुववृत्तापासून बराच दूर असू शकतो, म्हणून सेकंदांना १५ ने गुणल्यावर त्याच्या क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या) कोसाइननेही गुणायचं.